दह्याला दही राहू द्या

परवा हिंदमाताला ड्रेस मटेरियल घ्यायला गेले होते. गेले होते म्हणजे काय, राहतेच मागच्या गल्लीत, पण दुकानांत जाण्याचा योग शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरल्यामुळे आला. दुकानदाराने सवयीने दहा-बारा कापडं फडाफडा उलगडली आणि मला सवयीने शिंका सुरू झाल्या. नव्या कापडाची खळ, सुताचा बारीक कोंडा, बंद एसी दुकान. सतरा शिंका. (मी मोजते. ज्यांना हा आजार आहे ते सगळे मोजतात.)

शेजारी बसलेल्या एक बाई आधी सहानुभूतीने बघत होत्या, मग त्यांनी सल्ला दिला. "अहो ताई, तुमची इम्युनिटी कमी आहे. ती प्रोबायोटिकची बाटली मिळते ना, ती रोज सकाळी घेत जा. आमच्या सुनेची ॲलर्जी पळाली."

मी "हो का" म्हटलं. नाक गळत असताना वाद घालता येत नाही. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत राहिलं. त्या बाईंचा राग नाही, त्या बिचाऱ्या भलंच चिंतत होत्या. राग त्या वाक्याचा आहे, कारण त्या वाक्याने आमच्या घरात एकदा काय केलं ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा तेव्हा सात वर्षांचा होता. बालदमा. डॉक्टरांनी रोज दोन वेळा घ्यायचा पंप दिला होता, त्यात स्टेरॉइड. आता "स्टेरॉइड" म्हटल्यावर मराठी घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आई म्हणाली, एकदा पंप लागला की जन्माचा लागला. त्यातच भावोजींना कुणीतरी एका आहारसल्लागाराचं नाव सांगितलं. त्याने तासभर गोड बोलून पटवलं की पंप म्हणजे वरवरची मलमपट्टी, आपण आतून इम्युनिटी बांधू या. एप्रिलमध्ये पंप बंद झाला आणि रोज दोन बाटल्या सुरू झाल्या. एप्रिल-मे छान गेले. ताई सगळ्यांना सांगत होती, बघा, फरक पडला.

जुलैमधल्या एका रात्री पोराला धाप लागली. बाहेर हिंदमाताला कमरेइतकं पाणी. टॅक्सी नाही, बस वळवलेल्या. भावोजींनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्या पाण्यातून पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. मागे मी आणि ताई, हातात बंद छत्र्या, त्या काठीसारख्या धरून मॅनहोल चाचपत. पोराच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ते दृश्य मी विसरू शकत नाही. ऑक्सिजन, नेब्युलायझर, तीन दिवस. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "पंप कधी बंद केलात?" ताई काही बोलली नाही.

वाचला तो. आता कॉलेजला आहे. असो.

पण तेव्हापासून मी या विषयावर जमेल तसं वाचत आले आहे. मी डॉक्टर नाही. पण जे अभ्यास उघड छापून आलेले आहेत ते कुणालाही वाचता येतात, आणि ते वाचल्यावर मला जे वाटतं ते आज स्पष्टच लिहिते.

पहिली गोष्ट. "इम्युनिटी कमी आहे म्हणून ॲलर्जी होते" हे मुळातच उलटं आहे. आपल्या भाषेत ॲलर्जीला किती नेमका शब्द आहे बघा, वावडं. शरीराला एखादी निरुपद्रवी गोष्ट वावडी वाटते. धुळीतल्या किड्याची विष्ठा, भिंतीवरची बुरशी, गवताचे पराग. यांतलं काहीही आपल्याला मारायला आलेलं नसतं. पण प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते, आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवते, ती नाकातल्या आणि श्वासनळीतल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात, आणि पुढच्या वेळी तोच कण आला की त्या पेशी हिस्टामिन वगैरे रसायनं ओतून मोकळ्या होतात. शिंका, पाणी, सूज, घरघर. म्हणजे दुर्बल पहारेकऱ्याचा हा आजार नाही, पोस्टमनलाही चोर समजून झोडपणाऱ्या पहारेकऱ्याचा आहे. त्याला आणखी ताकद देऊन काय करणार? त्याला शहाणपण हवं आहे. "इम्युनिटी वाढवा" असं ॲलर्जीवाल्याला सांगणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा विक्रेता आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. आंबवलेल्या दुधातले जिवाणू या पहारेकऱ्याला शहाणपण शिकवू शकतील, ही कल्पना मुळीच खुळी नाही. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या आसपास वस्तीला असतो. तिथल्या पेशी जिवाणूंशी ओळख करून घेतात, कुणाला सोडायचं आणि कुणाला धरायचं हे तिथे शिकतात. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की ज्या घरात भावंडं जास्त, तिथल्या मुलांत परागांची ॲलर्जी कमी. त्यातून विचार पुढे गेला की लहानपणी जंतूंशी पुरेसा परिचय झाला नाही की प्रतिकारशक्ती वावड्याच्या दिशेने झुकते. मग बाहेरून चांगले जिवाणू देऊन तो झुकाव सुधारता येईल का? प्रश्न रास्त आहे.

आणि त्याचं थोडंसं उत्तर रक्तात दिसलंही. इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्या वीस जणांवर एक अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. दहा जणांना पाच महिने रोज शिरोटा जातीचे लॅक्टोबॅसिलस असलेलं दूध, दहा जणांना तसंच दिसणारं साधं दूध. जिवाणूवाल्या गटात ॲलर्जीशी निगडित काही रसायनं कमी झाली, परागांविरुद्धचं आयजीई कमी झालं, आयजीजी वाढलं. कागदावर अगदी हवं तसं!

आता इथेच थांबून जाहिरात लिहायची की पुढे वाचायचं, हा फरक आहे. त्याच संशोधकांनी पुढे साठ जणांवर मोठा अभ्यास केला, तो २०१३ साली आला. नाकात पराग सोडून बघितलं. नाकाच्या अस्तरात काही बदल दिसले, पण माणसाला होणाऱ्या त्रासात ठळक फरक पडला नाही. नाक गळायचं ते गळतच राहिलं.

जपानमध्ये सुगी वृक्षाच्या परागांनी लाखो लोक दरवर्षी बेजार होतात. आणि शिरोटांचं आंबवलेलं दूध तर त्यांचंच, १९३५ पासूनचं. तिथे २००७ साली त्याच दुधाची चाचणी छापून आली. एकंदर लक्षणांत फायदा दिसला नाही.

मुलांवरचा सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास मला वाटतो तो इटलीतला, तोही २००७ सालचा. दोन ते पाच वर्षांची १८७ मुलं, कुणाला दमा, कुणाला ॲलर्जीची सर्दी, कुणाला दोन्ही. वर्षभर रोज १०० मिली दूध, निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस केसीने आंबवलेलं, निम्म्यांना न आंबवलेलं. ज्यांना सर्दी होती त्यांच्यात वर्षाकाठी सर्दीचे सरासरी १.६ झटके कमी झाले. आणि दमा असलेल्या मुलांत? काही फरक नाही.

हे वाक्य मी ताईला वाचून दाखवलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे त्याला माहीत नसेल का गं?" त्याला म्हणजे त्या सल्लागाराला. मी काय सांगणार.

फिनलंडच्या तुर्कूमधला २००१ सालचा अभ्यास फार गाजला. ॲलर्जीची घराण्यात चाल असलेल्या आयांना आणि पुढे बाळांना एका जातीचे लॅक्टोबॅसिलस दिले (दह्यातून नव्हे, औषधासारखे), तर दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ वर आलं. निम्मं! तो आकडा जगभर फिरला. पण तीच मुलं सात वर्षांची झाल्यावर पाहिलं तेव्हा ॲलर्जीची सर्दी आणि दमा त्या गटात कमी नव्हते, उलट थोडे जास्तच दिसत होते (फरक योगायोगाचाही असू शकेल इतपत). हा दुसरा भाग मात्र कुणी फिरवत नाही. कातडीला जे लागू पडलं ते फुफ्फुसाला पडेलच असं नाही, आणि एका जातीच्या जिवाणूने जे केलं ते दुसरी जात करेलच असंही नाही.

२०१५ साली या सर्दीवरच्या २३ अभ्यासांचा, १९१९ रुग्णांचा एकत्र आढावा निघाला. निष्कर्ष असा की काहींना लक्षणांत थोडा आराम मिळत असावा, पण प्रत्येकाचे जिवाणू वेगळे, मात्रा वेगळी, मोजमाप वेगळं, त्यामुळे ठाम काही सांगता येत नाही. हे मला मान्य आहे. "कदाचित थोडंसं, काही जणांना, नाकापुरतं." एवढं बाटलीवर छापलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

"पण मला स्वतःला फरक पडला!" हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. मलाही पडला होता. हो, मीही ती बाटली तीन महिने प्यायले आहे. ऑगस्टमध्ये सुरू केली, ऑक्टोबरच्या अखेरीस शिंका निम्म्यावर. मी खूश. मग एकदा कपाट आवरताना मागच्या तीन वर्षांच्या औषधांच्या पावत्या सापडल्या. दरवर्षी माझ्या गोळ्या ऑगस्टमध्ये भरमसाट आणि ऑक्टोबरअखेर निम्म्या! बाटली नसतानाही. पाऊस थांबतो, भिंती वाळतात, बुरशी मरते, किडे कमी होतात. श्रेय उन्हाचं, पैसे बाटलीचे. भाच्याचे एप्रिल-मे असेच चांगले गेले होते.

म्हणून तुलना लागते. ज्यांना दिलं आणि ज्यांना नाही दिलं, दोघांना शेजारी ठेवून बघावं लागतं. आणि हा धडा शिकायला आम्हा हिंदमातावाल्यांना कुठे लांब जायला नको. पंधरा मिनिटं चाललं की परळला हाफकिन संस्था आहे. आणि या कथेत तिचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

दह्याने आयुष्य वाढतं ही आधुनिक कल्पना ज्याने मांडली तो एली मेचनिकॉफ. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे त्याने दाखवलं, १९०८ साली त्याबद्दल नोबेल मिळालं. मोठाच माणूस. पण मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या विषामुळे म्हातारपण येतं आणि आंबट दूध ते रोखतं, हे मत त्याने बल्गेरियातले लोक म्हणे खूप जगतात यावरून बांधलं. स्वतः आंबट दूध पीत राहिला, ७१ व्या वर्षी गेला. त्याचाच ओडेसामधला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. तो १८९६ साली प्लेगच्या मुंबईत आला, लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पण तिथे थांबला नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडचे आजारी नि मेलेले मोजले. लस न घेतलेल्यांत ते जास्त निघाले. १८९९ पासून त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, ती आजची हाफकिन.

गुरूने दह्याबद्दल अंदाज केला, शिष्याने लशीबद्दल मोजणी केली. आज सव्वाशे वर्षांनंतर आम्ही त्या शिष्याच्या अंगणात राहून गुरूचा अंदाज महिन्याच्या हप्त्याने विकत घेतो आहोत.

"पण नुकसान तर नाही ना काही?" हा शेवटचा बचाव. एरवी निरोगी माणसाला बाटलीने अपाय होत नाही, खरं आहे. साखर असते, तेवढी जमेस धरा. नुकसान बाटलीत नाही, बाटलीमुळे जे सुटतं त्यात आहे. ताईने नंतर हिशोब मांडला, महिन्याच्या बाटल्यांच्या पैशात पंप येऊन वर सुटे पैसे उरत होते. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, आणि ते थेट श्वासनळीत जातं. सवय वगैरे काही लागत नाही. रोज चष्मा लावणाऱ्याला चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. २०१९ सालच्या जागतिक आजारभाराच्या अंदाजानुसार जगात दम्याने मरणाऱ्या दर पाच माणसांतली दोन भारतातली होती. पाचांत दोन! इतके दमेकरी तर आपल्याकडे नाहीत. आपण जास्त मरतो कारण रोजचा पंप घेत नाही, लाजतो, लपवतो, बरं वाटलं की सोडतो. अशा देशात "आतून इम्युनिटी बांधा" म्हणणं निरुपद्रवी कसं?

कायदाही सोयीचा आहे. खाद्यपदार्थाला आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही, म्हणून लेबलवर फक्त प्रतिकारशक्तीचा मोघम उल्लेख. बाकीचं काम सल्लागार, व्हॉट्सॲप आणि दुकानातल्या बाई फुकटात करतात. अमेरिकेत डॅनन कंपनीने आपल्या आंबवलेल्या दुधाने सर्दी-फ्लू टळतो असं सुचवलं, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये तिला ते दावे थांबवायला लावले गेले आणि ३९ राज्यांना २.१ कोटी डॉलर द्यावे लागले. आपल्याकडे असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आता घरच्या दह्यावाल्या मंडळींनी टाळ्या वाजवू नयेत. "बाटली कशाला, आपलं विरजण काय कमी आहे? पूर्वजांना सगळं ठाऊक होतं." प्रोबायोटिकची जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेली व्याख्या साधी आहे, जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा मात्रेत, आणि सिद्ध झालेला फायदा. आपल्या विरजणात नेमके कोण आहेत, किती आहेत, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. शेजारणीकडून वाटीभर आणलेलं विरजण, तिने कुठून आणलं देव जाणे. ते दूध छान लावतं, पचायला हलकं, चवीला उत्तम. एवढं त्याचं काम. त्याच्यावर दमा बरा करण्याचं ओझं कशाला? आणि उलट्या टोकाला माझी आई, जिने दही "थंड" आणि "कफकारक" म्हणून भाच्याला वर्षानुवर्षं ताकाचा थेंब दिला नाही. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. एक बाजू दह्याला औषध करते, दुसरी विष. दही बिचारं मधल्यामध्ये.

या सगळ्यात ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे आमच्या भिंती. हिंदमाता हा बशीसारखा खोलगट भाग, सगळीकडचं पाणी इथे उतरतं. पालिकेने अलीकडे पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, त्याने निचरा लवकर होतो म्हणतात. पण जुन्या इमारतींच्या तळमजल्यांच्या भिंतींत इतक्या वर्षांची ओल मुरलेली आहे. आमच्या जिन्यात हात लावला तर पोपडा आणि काळी बुरशी बोटाला येते. गाद्या दमट. धुळीतले किडे हवेतलाच ओलावा पिऊन जगतात, त्यांना याहून चांगली वस्ती कुठे मिळणार? वर खाली आंबेडकर रस्त्यावरचा धूर, आणि दुकानांतला कापडाचा कोंडा, जो रोज दहा तास छातीत घेणारी पोरं सेल्समन म्हणून उभी असतात. ओल काढायची, गाद्या उन्हात टाकायच्या, दुकानात हवा खेळती ठेवायची, पोरांना मास्क द्यायचे, हे सगळं कंटाळवाणं आहे आणि ते बाटलीत भरून विकता येत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीचा विषय काढला की लोक घड्याळ बघतात. मी तीन वर्षं काढतेय.

तर सांगायचं एवढंच. बाटली आवडत असेल तर खुशाल प्या, नाकाला जरा आराम पडला तर उत्तमच. पण तिच्या भरवशावर पंप सोडू नका, स्प्रे सोडू नका, आणि दुसऱ्याच्या पोराला तर सोडायला मुळीच सांगू नका. ज्याने औषध दिलं त्या डॉक्टरांनाच विचारा, कमी कधी करायचं ते.

भाचा रविवारी जेवायला आला होता. आधी बेसिनपाशी जाऊन पंप घेतला, चूळ भरली, मग पानावर बसून दहीभात दोनदा मागून घेतला. आईने तोंड वाकडं केलं, पण वाढला.

आता त्या दुकानातल्या बाई परत भेटल्या तर हे सगळं त्यांना सांगायचं आहे. शिंका थांबल्या तर.